इनुइट दगडी शिल्प घ्यायचंय? आधी उलटं करून तळ बघा

कॅनडात टोरांटो, ओटावा, माँट्रियल, कुठेही जा, काचेच्या कपाटात हिरव्या नाहीतर काळ्या गुळगुळीत दगडातलं एखादं अस्वल दिसतंच, उत्तरेला आर्क्टिकमधे राहणाऱ्या इनुइट लोकांची कला म्हणून मांडलेलं. ते घ्यावंसं वाटतं, आणि मग प्रश्न सुरू होतात की हे खरं का, एवढे पैसे कशाचे, शेजारचं तसंच दिसणारं इतकं स्वस्त कसं. गेली काही वर्षं मी ही शिल्पं बघतोय, थोडी जमवलीयत, एकदा चांगला फसलोयही, तर जे जे कळलं ते सगळं इथे लिहितोय म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

सगळ्यात आधी करायचं काम एकच. दुकानदाराला विचारा, शिल्प दोन्ही हातांनी अंगाशी धरा आणि हळूच उलटं करा. नाव, गाव, कधी नुसता नंबर, जे काय असेल ते तळाला असतं. माझ्या पहिल्या अस्वलाच्या तळाला फक्त एक सोनेरी स्टिकर होता, त्यावर कॅनडाचं नाव आणि मेपलचं पान, बाकी काही नाही, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या दुकानात हुबेहूब तेच अस्वल दिसलं, तीच वळलेली मान, तोच उचललेला पंजा, पाठीवर तीच बारीक रेघ. साच्यातून काढलेलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा ओतीव माल, होता तो. पैसे गेले त्याचं दुःख झालंच पण त्याहून जास्त हे लागलं की सहा महिने मी ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला इनुइट लोकांची कला म्हणून कौतुकानं दाखवत होतो आणि त्यातला एक सेंटसुद्धा कुठल्या इनुइट माणसापर्यंत पोचला नव्हता.

पुढे जायच्या आधी दोन शब्द नीट करून घेऊया. इनुइट हे अनेकवचन आहे, एक माणूस असेल तर इनुक. एस्किमो हा शब्द आता वापरत नाहीत, त्या लोकांना तो आवडत नाही, जुन्या संस्थांच्या नावात किंवा जुन्या कॅटलॉगमधे दिसला तर तेवढ्यापुरता समजून घ्यायचा. आणि 'सोपस्टोन' म्हणजे आपलं शंखजिरं, पण दुकानात सोपस्टोन म्हणून जे काय मांडलेलं असतं त्यातलं बरंचसं खरं तर शंखजिरं नसतंच, सर्पेंटाइन नावाचा त्याहून कठीण दगड असतो. कुठल्या गावाचा कुठला दगड ते पुढे येतंच.

तळावर काय वाचायचं

इनुइट कलाकार बऱ्याचदा स्वतःचं नाव त्यांच्या लिपीत कोरतात. त्रिकोण, हुक, उलटेसुलटे वाक असं काहीतरी दिसतं आणि लोक ते नक्षी समजून सोडून देतात. पण मराठी माणसाला ही लिपी शिकायला अर्धा तास पुरेल असं माझं ठाम मत आहे, कारण हिचं डोकं बाराखडीचं आहे. जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्यानं १८४० च्या सुमारास कॅनडातल्याच क्री लोकांच्या भाषेसाठी ही पद्धत काढली, नंतर दुसऱ्या मिशनऱ्यांनी ती इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेला बसवली, आणि इव्हान्सच्या कल्पनेमागे शॉर्टहँडबरोबर देवनागरीचाही हात असावा असं अभ्यासक मानतात. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

तर आपण अक्षराला काना, वेलांटी, उकार लावतो ना, तिथे हे लोक अख्खं अक्षरच फिरवतात. स्वर तीनच, इ, उ, आ. बंद त्रिकोणाचं टोक वर असेल तर इ, उजवीकडे असेल तर उ, डावीकडे असेल तर आ. त्याच त्रिकोणाची एक बाजू काढून टाकली, म्हणजे नुसता कोन उरला की तो प झाला: टोक वर पि, उजवीकडे पु, डावीकडे पा. त ला घोड्याच्या नालासारखा आकार, तोंड खाली उघडं असेल तर ति, डावीकडे उघडं तु, उजवीकडे उघडं ता. अक्षराच्या डोक्यावर टिंब दिसलं तर स्वर लांबवायचा, आणि एखादं अक्षर बारीक करून वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असेल तर ते पाय मोडलेलं व्यंजन.

आता हे करून बघा. डावीकडे टोक असलेला उघडा कोन, मग उजवीकडे टोक असलेला बंद त्रिकोण, मग उजवीकडे तोंड उघडा नाल. पा, उ, ता. पाउता. हा पाउता सैला, आर्क्टिकमधल्या किंगाइट गावचा फार मोठा कलाकार, १९१६ साली जन्मला आणि २००९ साली गेला, एका पायावर नाचणारी अस्वलं कोरण्यासाठी ओळखला जातो. एवढं वाचता आलं की दुकानात उभं राहून तुम्हीच नाव जुळवू शकता, आणि नकली मालावर कधीकधी लिपीसारखं दिसणारं काहीतरी खरडलेलं असतं, ते धड वाचता येत नाही हेही लगेच कळतं.

जुन्या शिल्पांवर नावाऐवजी किंवा नावाबरोबर एक नंबर सापडतो, इंग्रजी ई (E) अक्षर, मग एक आकडा, मग डॅश आणि पुढे आणखी आकडे. यामागची गोष्ट तेवढी गोड नाही. १९४१ पासून कॅनडाच्या सरकारनं इनुइट लोकांना ओळखीसाठी नंबर घातलेली छोटी गोल चकती दिली, गळ्यात नाहीतर मनगटावर बांधायची, कारण सरकारी बाबूंना त्यांची नावं नोंदवता येत नव्हती आणि तेव्हा आडनाव ही पद्धतच इनुइट लोकांत नव्हती. ई म्हणजे पूर्व, डब्ल्यू म्हणजे पश्चिम, आणि पुढचा आकडा जिल्ह्याचा, किंगाइटच्या भागाचा ई७. १९६८ ते १९७१ मधे एब ओकपिक हा इनुक गावोगाव फिरला आणि लोकांनी आडनावं निवडली, त्यानंतर हे नंबर हळूहळू बंद झाले. म्हणून तळाला चकती नंबर दिसला तर शिल्प बहुतेक करून १९७० च्या दशकाच्या आसपासचं किंवा त्याआधीचं असतं, पण काही म्हातारे कलाकार पुढेही सवयीनं नंबर घालत राहिले, तेव्हा नुसत्या नंबरावरून वर्ष ठरवू नका.

नाव मिळालं की स्पेलिंगचा घोळ होतोच. एकच माणूस चार प्रकारे लिहिलेला सापडेल, किउगाक अशूना जुन्या कॅटलॉगमधे कियावाक म्हणून आहे. म्हणून शोधताना नाव, गाव आणि नंबर तिन्ही घेऊन शोधा.

इग्लू टॅग

शिल्पाला दोरीनं लटकवलेला छोटा कागदी टॅग असेल, त्यावर इग्लूचं चित्र असेल, तर तो इग्लू टॅग. कॅनडा सरकारनं हा ट्रेडमार्क १९५८ साली काढला, कारण तेव्हाच नकली माल यायला लागला होता, आणि २०१७ मधे तो इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आला, म्हणजे आता कोणाला टॅग द्यायचा हे इनुइट लोकांची संस्था ठरवते. टॅगवर कलाकाराचं नाव आणि गाव वाचा आणि तळावरच्या सहीशी जुळवा, नुसतं इग्लू बघून खूश होऊ नका. उलटही खरं आहे, टॅग नाही म्हणजे नकली असं अजिबात नाही, पन्नास-साठ वर्षांत किती घरं बदललेली असतात, टॅग हरवतात, आणि कलाकारानं स्वतः हातात दिलेल्या शिल्पाला टॅग कुठून येणार. मी टॅग टिकवून ठेवतो, एका पाकिटात घालून वर शिल्पाचा फोटो चिकटवतो.

हाताला काय कळतं

दगड हाताला गार लागतो आणि गारच राहतो बराच वेळ, रेझिन लगेच कोमट होतं. दगड दिसतो त्याहून जड असतो. नकलीमधे दगडाची पूड मिसळलेली असते म्हणून वजन थोडं फसवतं, पण तळ नीट बघा, सुईच्या टोकाएवढी हवेच्या बुडबुड्यांची भोकं दिसतात का, कडेनं साच्याच्या जोडाची बारीक रेघ जाते का, तळाला फेल्ट चिकटवून काही लपवलंय का. खऱ्या दगडात रंग एकसारखा नसतो, शिरा जातात, कुठे पिवळट, कुठे गंजासारखा ठिपका, आणि शीर एका बाजूनं आत गेली की दुसरीकडून बाहेर येते. पायांच्या मधे, पोटाखाली, कानामागे कानशीचे नाहीतर पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे राहिलेले असतात, तिथे हात पोचणं अवघड असतं म्हणून. मला तर ती जागा बघायला सगळ्यात जास्त आवडतं, तिथे माणूस दिसतो.

नेटवर लोक सांगतात की तापवलेली सुई टोचून बघा, नखानं ओरखडा काढून बघा. असलं काही करू नका प्लीज, खरं निघालं तर तुम्ही कोणाच्या तरी कामावर कायमचा डाग पाडलेला असतो. त्यापेक्षा दुकानदाराला सरळ तीन प्रश्न विचारा: कोणी केलं, कुठल्या गावात, कुठला दगड. नीट दुकानवाला तिन्हीची उत्तरं पटकन देतो आणि कलाकाराबद्दल दोन गोष्टी वर सांगतो. 'इनुइट स्टाइल', 'आर्क्टिक कलेक्शन', 'कॅनडात हातानं फिनिश केलेलं' असे शब्द यायला लागले की बाहेर पडा. आणि कपाटात एकसारखी दोन दिसली तर विषयच संपला, हातानं कोरलेली दोन अस्वलं कधीच सारखी होत नाहीत.

दगडावरून गाव

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण इथे कळतं की 'इनुइट शैली' असं एकच काही नाहीये, हजारो किलोमीटरवर पसरलेली गावं आहेत आणि प्रत्येक गावाचा दगड वेगळा म्हणून हात वेगळा.

किंगाइट, जे २०२० पर्यंत केप डॉरसेट म्हणून ओळखलं जायचं, बॅफिन बेटाच्या दक्षिण टोकाला. तिथलं सर्पेंटाइन हिरवं, काही तुकडे पोपटी तर काही जवळजवळ काळे, आणि त्याला आरशासारखी चकाकी येते. मजबूत असल्यामुळे त्यातून बारीक, लांब, तोललेले आकार काढता येतात. ओसुइतोक इपिलीची कॅरिबू हरणं बघा कधी मिळाली तर, एवढं दगडी अंग काडीसारख्या पायांवर उभं, श्वास रोखून बघावं असं. नुना पारची गुळगुळीत नाचरी अस्वलं, तूनू शार्कीचे पंख पसरलेले पक्षी, हे सगळं त्याच दगडामुळे शक्य होतं.

आता आर्विआटला या, हडसन बे या मोठ्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथला दगड करडा, कठीण, हट्टी, त्यात बारीकसारीक डिटेल काढणं म्हणजे हाल. तर तिथल्या कलाकारांनी डिटेल सोडूनच दिलं. जॉन पांगनार्कची माणसं म्हणजे जवळजवळ नुसता गोटा आणि त्यावर चेहऱ्याच्या चार रेघा, लुसी तसेओर टुट्स्वीटोकच्या शिल्पात दगडाच्या कडेला छोटे छोटे चेहरे उगवल्यासारखे असतात, आई आणि मुलं, अख्खं कुटुंब, बाकी दगड तसाच. पॉलिश नाही, चकाकी नाही. नवीन माणूस म्हणतो हे अर्धवट राहिलंय. मीही तसंच म्हणालो होतो पहिल्यांदा, आणि आता मला विचाराल तर किंगाइटच्या दहा चकचकीत अस्वलांपेक्षा लुसीचा एक करडा गोटा मी घेईन. वर थोडं गेलं की रँकिन इनलेट, तिथला जॉन टिकटाक निकेलच्या खाणीत कामाला होता, १९६२ मधे खाण बंद पडली आणि गावाची मिळकतच गेली, त्या काळात कोरीवकामावर घरं चालली. त्याच्या आई-मुलाच्या शिल्पात दोघं एकाच दगडाचा एकच फुगवटा असतात, कुठे आई संपते आणि मूल सुरू होतं ते बोट फिरवूनच कळतं.

हडसन बेच्या पूर्वेला, क्वेबेकच्या उत्तर भागात, ज्याला नुनाविक म्हणतात, तिथे इनुकजुआक आणि पुविर्नितुक ही गावं. इथे गोष्ट सांगणारं काम जास्त. जॉनी इनुकपुकच्या भरदार आया, आणि पुविर्नितुकच्या जो (Joe) तालिरुनिलीनं एकच प्रसंग आयुष्यभर परत परत कोरला: लहानपणी त्याचं कुटुंब आणि बाकीची मंडळी फुटलेल्या बर्फावर अडकली होती, त्यांनी स्लेज आणि कातडी जोडून होडी बनवली आणि कसेबसे किनाऱ्याला लागले. दगडी होडीत दाटीवाटीनं बसलेली माणसं, सगळे पुढे बघतायत. सानिकिलुआक, हडसन बेमधल्या बेल्चर बेटांवर, तिथे आर्जिलाइट नावाचा गर्द, बारीक पट्ट्यांचा दगड. आणि तालोयोआक गावचा कारू अशेवाक तर दगड सोडून जुन्या व्हेलच्या हाडात कोरायचा, डोळे लहानमोठे, तोंड उघडं, आत्म्यांचे चेहरे, १९७४ मधे घराला लागलेल्या आगीत तो गेला तेव्हा चाळिशीसुद्धा पार झाली नव्हती त्याची.

एक लक्षात ठेवा, दगड प्रवास करतो. हल्ली दगड एका गावातून दुसऱ्या गावात जातो, आणि दक्षिणेच्या शहरांत राहणारे इनुइट कलाकार ब्राझीलचा दगडही वापरतात. म्हणजे दगड हा अंदाज आहे, पुरावा नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, थोडक्यात

कोरणं जुनंच आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या डॉरसेट संस्कृतीची वॉलरसच्या सुळ्यातली बोटभर अस्वलं सापडलीयत. दगड मात्र मुख्यतः स्वयंपाकाची भांडी आणि कुल्लिक, म्हणजे सीलच्या चरबीवर जळणारा अर्धचंद्रासारखा दिवा, यासाठी वापरायचे, इनुक्टिटुटमधे या दगडाचं नावच उक्कुसिकसाक, भांड्यासाठीचा दगड. १९४८ मधे जेम्स ह्यूस्टन नावाचा तरुण चित्रकार इनुकजुआकला पोचला, छोटी कोरीव कामं बघून चकित झाला, माँट्रियलच्या हँडिक्राफ्ट्स गिल्डला दाखवली, आणि नोव्हेंबर १९४९ मधे त्यांनी विक्री लावली ती तीन दिवसांत संपली. कोल्ह्याच्या कातड्याचा भाव पडलेला, लोकांना तंबू आणि इग्लू सोडवून वस्त्यांत आणलं जात होतं, अशा वेळी हे पैसे आले. किंगाइटला १९५९ मधे को-ऑपरेटिव्ह उभी राहिली, ती अजून चालू आहे.

म्हणून कोणी म्हणालं की ही 'बाजारासाठी केलेली' कला आहे तर त्यात खोटं काही नाही, पण त्यानं ती कमी कशी होते हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. ओव्हिलू तुनिलीचं उदाहरण घ्या. किंगाइटची, १९४९ चा जन्म, लहानपणी टीबी झाला म्हणून घरापासून लांब मॅनिटोबाच्या हॉस्पिटलमधे नेलं, परत आली तेव्हा स्वतःची भाषा विसरलेली. वडिलांना कोरताना बघून शिकली, बायका दगडाला फारशा हात लावत नसत त्या काळात. मोठेपणी तिनं त्याच हिरव्या दगडात हॉस्पिटलची आठवण कोरली, रडणाऱ्या बायका कोरल्या, हाय हिल्स घातलेली बाई कोरली. तेव्हा दुकानात स्नोमोबाइल किंवा टीव्ही कोरलेला दिसला तर 'हे पारंपरिक नाही' म्हणून नाक मुरडू नका, त्यांचं आजचं जगणं आहे ते. बाकी विषयांत माशाच्या शेपटीची बाई वारंवार दिसेल, ती समुद्राची मालकीण, कुठे सेडना, कुठे नुलियाजुक, किंगाइटला तालीलायू. तिची कापलेली बोटं समुद्रात पडली त्यांचे सील आणि व्हेल झाले अशी गोष्ट आहे, म्हणून तिचे हात नीट बघा.

एवढे पैसे कशाचे

दगड दुकानात मिळत नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की होडीनं खाणीच्या जागी जायचं, भरती-ओहोटी सांभाळायची, पहारी, पाचर, हातोडी वापरून तुकडे सोडवायचे, सुरुंग लावले तर दगडाला आतून चिरा जातात आणि अर्ध्या कामावर शिल्प दुभंगतं. मग ते वजन परत होडीत. पेट्रोल आर्क्टिकमधे महाग, होडी महाग, आणि लोक या कामात जखमीही झालेत. किंगाइट ज्या प्रदेशात येतं त्या नुनावूतच्या जमीन करारात इनुइट माणसाला सरकारी जमिनीवरून वर्षाला ५० घनयार्डपर्यंत कोरायचा दगड परवान्याशिवाय काढायचा हक्क लिहून दिलेला आहे, यावरूनच कळेल की हा विषय त्यांच्यासाठी किती मोठा आहे.

मग कोरणं. पूर्वी कुऱ्हाड, करवत, छिन्नी, कानस, आता बहुतेकजण सुरुवातीचा आकार ग्राइंडरनं काढतात आणि शेवट हातानं. धुळीमुळे घराबाहेर, नाहीतर छोट्या शेडमधे, उणे वीस-तीसमधेसुद्धा. आकार झाला की पाण्याखाली पॉलिश पेपर, जाड्यापासून बारीकपर्यंत, तास न् तास, आणि तेव्हाच कुठे दगडाचा खरा रंग वर येतो, कोरडा दगड तर राखेसारखा दिसतो. शेवटी मेण. पॉवर टूल वापरलं म्हणून काम कमी प्रतीचं असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

गावात कलाकार शिल्प को-ऑपरेटिव्हमधे नेतो, तिथे त्याला पैसे मिळतात, मग ते दक्षिणेला घाऊक विक्रीकडे, किंगाइटचं काम टोरांटोच्या डॉरसेट फाइन आर्ट्सकडे, नुनाविकचं माँट्रियलजवळ त्यांच्या को-ऑपरेटिव्ह फेडरेशनकडे, तिथून गॅलरीत. प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते. तळहातावर मावणारं चांगलं छोटं शिल्प काही शे कॅनेडियन डॉलरमधे मिळू शकतं, मोठ्या नावांचं हजारोंमधे जातं. माझा सल्ला, पहिल्यांदा घेताना मोठ्या नावाच्या मागे न लागता छोटं पण सही असलेलं घ्या, आणि घ्यायच्या आधी जमल्यास विनिपेगला कौमाजुक बघा, २०२१ मधे उघडलेलं इनुइट कलेचं केंद्र. सुमारे १४,००० कलाकृतींचा संग्रह आहे, आणि आत शिरल्या शिरल्या तीन मजली काचेचं कपाट, त्यात हजारो दगडी शिल्पं गावांप्रमाणे मांडलेली. दोन तास तिथे घालवले की डोळा तयार होतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

नुनावूतची राजधानी इकालुइट, तिथे गेलात तर हॉटेलात जेवताना कलाकार स्वतः टेबलाशी येऊन शिल्प दाखवतात. आवडलं तर घ्या, नाही आवडलं तर हसून नको म्हणा, पण भाजीवाल्याशी करतो तशी घासाघीस नका करू, समोरचा माणूस सांगतो ती किंमत बहुतेक दक्षिणेतल्या दुकानापेक्षा कमीच असते आणि सगळी त्याच्या खिशात जाते. रोख ठेवा जवळ. नाव आणि गाव त्याच्याकडूनच तुमच्या वहीत लिहून घ्या, फोटो काढायचा तर विचारून.

विमानात बसायच्या आधी

निव्वळ दगड असेल तर चिंता नाही. पण हारपून (शिकारीचा भाला), सुळे, डोळे यासाठी वॉलरसचा किंवा नारव्हाल या लांब सुळ्याच्या व्हेलचा दात, व्हेलचं हाड, अस्वलाचं नख लावलेलं असेल तर थांबा. अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांचा १९७२ चा कायदा आहे, असली वस्तू तिथे नेता येत नाही, नुसतं विमान बदलायला उतरलात तरी अडचण होऊ शकते. बाकी देशांसाठीही साइट्स (CITES, धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो की नाही हे पैसे देण्याआधी गॅलरीकडून लेखी घ्या. आणि हे सुटे तुकडे, हारपून, सुळे, बऱ्याचदा नुसते भोकात अडकवलेले असतात, चिकटवलेले नसतात, म्हणून काढून कागदात वेगळे गुंडाळायचे, नाहीतर पोचेपर्यंत हरवतात किंवा तुटतात. शिल्प स्वतः हातातल्या बॅगेत, पण वजन आधी करून घ्या.

घरी आणल्यावर

उचलताना कायम धडाला धरा, मानेला, पंखाला, शिंगाला कधीच नाही. साबण, क्लीनर, फर्निचर पॉलिश काही लावू नका, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटकली की झालं. हीटरवर नाहीतर कडक उन्हाच्या खिडकीत ठेवलं तर मेण उतरतं आणि चट्टे पडतात, व्हेलचं हाड तर तडकतं. खाली पातळ फेल्टचा तुकडा ठेवा पण चिकटवू नका, तळ झाकला जातो. छोटा पांढरा ओरखडा उठला तर रंग नसलेलं मेण बोटावर अगदी थोडं घेऊन हलकेच चोळा, बहुतेक वेळा जातो. आर्विआटसारख्या करड्या, पॉलिश नसलेल्या दगडाला मात्र मेण लावायचं नाही, तो तसाच असायला हवा. आणि पडून तुटलं तर झाडूनं गोळा करायच्या आधी प्रत्येक कण पाकिटात भरा, फेव्हिक्विक लावू नका, दगडी वस्तूंचं काम करणाऱ्या कॉन्झर्वेटरकडे न्या, जोड दिसतही नाही इतकं छान करतात.

हे वाचून कोणाला स्वतः दगड कोरून बघावासा वाटला तर जरूर बघा, फक्त धूळ हलक्यात घेऊ नका, शंखजिरं आणि सर्पेंटाइन दोन्हीत अॅसबेस्टॉसचे तंतू असू शकतात, तेव्हा दगड ओला ठेवून कानस चालवा, कापडी रुमाल नाही तर चांगला रेस्पिरेटर लावा आणि घरात मुलं असतील तर बाहेरच बसा. तयार झालेल्या वस्तूला इनुइट म्हणायचं नाही आणि त्यांची लिपीही त्यावर घालायची नाही, तळाला तुमचं स्वतःचं नाव घाला, देवनागरीत.

माझ्याकडे आता खिडकीपासून लांब, पुस्तकांच्या वरच्या फळीवर चार शिल्पं आहेत. प्रत्येकाखाली एक कार्ड: कलाकाराचं नाव त्याच्या लिपीत आणि आपल्या लिपीत, गाव, दगड, साल, कोणाकडून घेतलं. पाहुणे आले की मी आधी शिल्प त्यांच्या हातात देतो, उलटं करायला सांगतो, आणि तळावरची अक्षरं त्यांच्याकडून वाचून घेतो. शेजारची सात वर्षांची मुलगी पाउताची तिन्ही अक्षरं आता न चुकता काढते.